मार्टिनबाबांचे एकवीस हंगाम

धाकटा नातू अद्वय जन्मला आणि त्याचं बारसं फोनवर झालं, ते साल २०२०. पाळण्याला हात लावायला मी एकटी होते. बाकीच्या सगळ्या बायका साताऱ्याकडून आणि पुण्याहून फोनच्या काचेतून पाळणा म्हणत होत्या, त्यातही प्रत्येकीचा सूर मागेपुढे पोहोचत होता. मी सुनेच्या बाळंतपणासाठी फेब्रुवारीत आयर्लंडला आले होते. तीन महिन्यांनी परत जायचं होतं. विमानं बंद झाली, व्हिसाची मुदत सरकारनेच वाढवली, आणि मी वर्षभर राहिले.

माझा मुलगा परेश दवाखान्यात लागणारी उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे. कासलबार गावाबाहेर एका ओळीत अकरा घरं आहेत, त्यांतलं शेवटून दुसरं त्याचं. शेवटचं घर मार्टिन रुएन यांचं. मधे कमरेएवढी दगडी भिंत. मार्टिनबाबा तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते आणि एकटे राहत. मुलगी नोरीन गावात राही. ती सामान दारात ठेवून लांबूनच बोलून जाई, कारण सत्तरीपुढच्यांनी घरातच राहायचं असा हुकूम होता.

एप्रिलमध्ये बाबांनी मागच्या तुकड्यात कांद्याची रोपं लावली. कावळे येत आणि रोप उपटून बाजूला टाकत. खात नसत, नुसते उपटत. बाबा खिडकीतून काठी हलवत, कावळे बघतही नसत. मला ते बघवेना. लहानपणी मी ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसलेली बाई. जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि गोफण वळायला घेतली.

माझी सून वैदेही म्हणाली, "आई, नका हं. कुणाची तरी काच फुटेल."

"इतक्या वर्षांत माझ्या हातनं काच फुटली नाही."

"तुमच्या शेतात काच होती का?"

तिचं बरोबर होतं. म्हणून दगड न घेता मातीचं ढेकूळ घेतलं. गोफण दोनदा फिरवली आणि सोडली. ढेकूळ कावळ्याच्या शेपटीपाशी फुटलं. कावळे उठले ते चर्चच्या झाडावर जाऊन बसले. खांद्यातून कळ गेली, पण मी चेहऱ्यावर दाखवली नाही.

मार्टिनबाबा मागचं दार उघडून बाहेर आले. भिंतीपासून दोन हात लांब थांबले आणि माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याकडे बघत राहिले. मग आत गेले आणि एक चेंडू घेऊन आले. पांढरा, जुना, लाल दोऱ्याची शिवण असलेला. तो त्यांनी डाव्या हातात धरला, दोन बोटं शिवणीवर ठेवली आणि मला दाखवली.

वैदेहीने मधे उभं राहून आम्हाला एकमेकांचं सांगितलं. मार्टिनबाबा तरुणपणी अमेरिकेत बॉस्टनला गेले. आठवडाभर विटा रचायचे आणि रविवारी बेसबॉल खेळायचे. त्या खेळात ते पिचर होते, म्हणजे चेंडू टाकणारे. क्रिकेटसारखा टप्पा पाडायचा नसतो, समोर बसलेल्या झेलणाऱ्याच्या हातात थेट फेकायचा असतो, आणि मधे दांडका घेऊन उभ्या असलेल्याला तो लागू द्यायचा नसतो.

"म्हणजे राखणच की," मी म्हणाले. "कावळा मधे उभा असतो एवढंच."

वैदेहीने हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा बाबा भिंतीला धरून हसले.

त्यानंतर रोज संध्याकाळी, स्वयंपाकाला लागायच्या आधी, मी भिंतीपाशी जाऊ लागले. वैदेही नेहमी नसे. माझं इंग्रजी वीस-पंचवीस शब्दांचं, बाबांचं भरभर आणि तोंडातल्या तोंडात. एकदा ते म्हणाले, "युअर मॅन इज बॅक." तुमचा माणूस परत आला, असं मला कळलं. मी आत जाऊन सांगितलं, "परेश आलाय, चहा टाक." परेश काही आला नव्हता. वैदेहीने सांगितलं, इकडे कुणालाही 'युअर मॅन' म्हणतात. बाबा कावळ्याबद्दल बोलत होते. पुढे आठ दिवस परेश घरात शिरला की ती म्हणायची, "आई, कावळा आला."

जूनमध्ये बाबांनी एक पुठ्ठा आणून भिंतीवर ठेवला आणि मागे सरकले. त्यांच्या बायकोच्या हातचं लिखाण होतं. ती जाऊन बारा वर्षं झाली होती. मी शाळेत खिचडी शिजवायला होते, तिथेच मुलांच्या मागे बसून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकले, आणि इंग्रजी आकडे त्याच्याही नंतर. पण आकडे मला येतात. १९६१ पासून १९८१ पर्यंत एकवीस ओळी. प्रत्येक ओळीत साल, मग दोन आकडे. अकरा, पाच. नऊ, चार. दहा, सहा. त्या खेळात सामना जिंकला की जिंकल्याची खूण पिचरच्या नावापुढे लागते, हरला तर हरल्याचीही त्याच्याच. डावीकडचा आकडा जिंकलेल्यांचा. मी बोट न लावता एकेक ओळ खाली गेले. एकवीस वर्षांत एकदाही डावीकडचा आकडा लहान नव्हता. एका साली सात आणि सहा होते. तिथे मी मान वर केली.

बाबांनी कोपर दाखवला आणि तोंड वाकडं केलं. त्या वर्षी हात दुखत होता.

"तरी खेळायला गेलात?" मी हातांनी विचारलं.

वैदेही कपडे वाळत घालत होती, तिने त्यांचं उत्तर सांगितलं. ते म्हणत होते, की मी कधीच जोरात टाकणारा नव्हतो. जोरात टाकणारे दोन-तीन वर्षं गाजतात आणि त्यांचा हात जातो. मोठ्या संघांतही असे काही पिचर होऊन गेले, की ज्यांचं एखादं वर्ष कुणाला आठवत नाही, पण वीस वर्षांची बेरीज केली तर ते सगळ्यांच्या वर असतात. दर हंगामात थोडंसं जास्त जिंकायचं. मला तेच आवडायचे. आणि त्यांचं गुपित काही नाही. आपली पाळी असेल त्या दिवशी यायचं. हात दुखला तरी, पाऊस असला तरी, आदल्या रविवारी हरलो असलो तरी. येतो म्हटलं की यायचं. जिंकणं त्याच्या नंतरचं.

"एकवीस वर्षं मी एकही रविवार चुकवला नाही असं म्हणतायत," वैदेही म्हणाली. "आणि हे पण म्हणतायत की आई, तुम्हीसुद्धा पिचर आहात. एक संध्याकाळ चुकवत नाही."

"मला दुसरं काम काय आहे?" मी म्हणाले. पण बरं वाटलं.

निघताना मी रोज म्हणत असे, "आय कम." आपल्याकडे कुणी 'जाते' म्हणून उठत नाही. 'येते' म्हणायचं. 'जाते' म्हटलं तर माझी आई तोंडावर हात ठेवायची. त्याचंच मी इंग्रजी केलं होतं, आणि ते मला बरोबर वाटत होतं. बाबा रोज म्हणत, "ग्रँड," म्हणजे छान, चालेल. आणि मी दुसऱ्या दिवशी खरोखरच जात असे. त्यामुळे माझ्या बोलण्यात काही चुकतंय हे दोघांनाही कळायचं कारण नव्हतं.

नोव्हेंबरात बाबा स्वयंपाकघरात पडले. खुबा मोडला. रुग्णवाहिका आली तेव्हा मी फाटकापाशी उभी होते. त्यांना आडवं बाहेर आणलं, तोंडावर मास्क होता, डोळे तेवढे दिसत होते. ते माझ्याकडे वळले. मी हात वर केला आणि म्हणाले, "आय कम." त्यांनी अंगठा दाखवला.

दवाखान्यातून त्यांना घरी आणलंच नाही. नोरीनने सांगितलं, नर्सिंग होममध्ये ठेवलंय. मला वाटलं, बाळंतपणाच्या दवाखान्यात म्हाताऱ्या माणसाला कशाला ठेवलं? वैदेहीने समजावलं, की इथे म्हाताऱ्यांच्या सांभाळाच्या घराला तसं म्हणतात. ते घर गावाच्या पलीकडे, आमच्यापासून चौदा किलोमीटरवर होतं. आत कुणालाही सोडत नव्हते. नाताळनंतर पुन्हा सगळं बंद झालं आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा नियम आला. भिंतीपलीकडे कांद्याच्या जागी गवत वाढलं. थोडी विमानं सुरू झाली होती, त्यांत परेशने माझं तिकीट काढलं, नऊ मार्चचं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नोरीनचा फोन आला. वैदेही बराच वेळ नुसतं ऐकत होती. फोन ठेवून ती माझ्यासमोर बसली.

"आई, तुम्ही मार्टिनना काय सांगितलं होतंत? येते म्हणून?"

"म्हणाले असेन. निघताना म्हणतोच की आपण."

"ते दर रविवारी दोन वाजता खुर्ची खिडकीशी लावून घेतात. टाय बांधून बसतात. संध्याकाळपर्यंत. जेवण नको म्हणतात. परवा ताप होता तरी बसले. नर्सने पलंगावर न्यायचं म्हटलं, तर म्हणाले, ती येणार आहे, तिने एकदाही चुकवलेलं नाही." वैदेहीने डोळे पुसले. "नोरीन स्वतः खिडकीशी जाते, तरी तिच्या मागे बघत असतात. डॉक्टर म्हणाले आता फार दिवस नाहीत. ती विचारत होती, खिडकीबाहेरून एकदा याल का?"

माझ्या हातात अद्वयचं झबलं होतं. मी त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. नोव्हेंबरापासून चौदा-पंधरा रविवार. रोज संध्याकाळी न चुकता भिंतीपाशी जाणारी मी, घरात बसून भाकऱ्या थापत होते, आणि तो माणूस माझ्या एका चुकीच्या शब्दावर टाय बांधून बसत होता.

परेशला रात्रीच्या जेवणावर सांगितलं. तो म्हणाला, "आई, पाच किलोमीटरचा नियम आहे. आमचे नागरिकत्वाचे अर्ज सरकारकडे गेलेत. पोलिसांनी अडवून नाव लिहून घेतलं तर? घरचं माणूस असतं तर सांगता आलं असतं. हे शेजारी आहेत."

"मग मी चालत जाते."

"चौदा किलोमीटर? या थंडीत?"

"राखणीला जायची तेव्हा काय गाडी होती?"

"तेव्हा तू सत्तरीची नव्हतीस."

वैदेही म्हणाली, "मी नेते. माझं नाव लिहू देत."

रविवारी, अठ्ठावीस फेब्रुवारीला, जेवण झाल्यावर परेशनेच गाडीची चावी घेतली. रस्ताभर तो पोलिसांना सांगायचं वाक्य पुटपुटत होता. आम्हाला कुणीही अडवलं नाही.

पाऊस भुरभुरत होता. नर्सने आतून खिडकी बोटभर उघडली. मार्टिनबाबा खुर्चीत होते, निळा टाय, गळा त्यात सैल झालेला. मी मास्क खाली ओढला, म्हणजे ओळख पटेल. पण त्यांनी आधीच ओळखलं होतं. नर्सकडे वळून त्यांनी काहीतरी म्हटलं, परेशने मला सांगितलं, "म्हणतायत, बघ, सांगत नव्हतो?"

अर्धा तास मी छत्री धरून उभी राहिले. बोलण्यासारखं आमच्याकडे कधीच फार नव्हतं. त्यांनी अद्वयचं विचारलं, मी पायांवर चालण्याची खूण केली. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. बोटं पांघरुणावर होती, दोन पुढे, दोन दुमडलेली.

मग परेश म्हणाला, "आई, चल आता."

मी हात वर केला. शब्द तोंडात आला होता. पण नऊ दिवसांनी मी समुद्रापलीकडे असणार होते. तो शब्द मी टाकला असता, तर पुढच्या रविवारी पुन्हा टाय, पुन्हा खुर्ची, पुन्हा उपास. आणि दुसरा शब्द आजारी माणसाच्या दारात बोलायचा नसतो. मी आयुष्यात तो कुणाला बोलले नव्हते. माझ्या नवऱ्याला शेवटचं दवाखान्यात सोडून घरी आले, तेव्हाही नव्हते बोलले.

मी म्हणाले, "आय गो."

परेशने माझ्याकडे झटकन बघितलं.

"होम?" मार्टिनबाबांनी विचारलं.

"होम."

"ग्रँड," ते म्हणाले. मग त्यांनी टायची गाठ सैल केली आणि नर्सला पलंगाकडे न्यायची खूण केली. खुर्ची वळली. पाठ दिसेपर्यंत मी थांबले.

गाडीत परेश म्हणाला, "आई, 'जाते' कसं म्हणालीस गं?"

"खरं ते म्हणाले."

"त्यांना कुठे माहीत आहे आपल्याकडचं? तू काही वाईट केलं नाहीस."

"मला माहीत आहे ना."

नोरीनने नंतर सांगितलं, की त्या संध्याकाळी ते सूप प्यायले आणि कित्येक महिन्यांनंतर पाठ टेकून गाढ झोपले. तिने माझे आभार मानले. मी ते घेतले, काय करणार. पण माणसाला वाट बघायला काही उरलं नाही म्हणून तो झोपतो, तेव्हा ती झोप कसली असते, हे मला ठरवता आलेलं नाही. आजही येत नाही.

अंत्यविधीला दहाच माणसांची परवानगी होती. म्हणून शवपेटीची गाडी आमच्या ओळीतून हळूहळू नेली. अकराही घरांतली माणसं आपापल्या फाटकांत उभी राहिली. परेशने अद्वयला कडेवर घेतलं होतं. मी नुसते हात जोडले.

मार्टिन रुएन गुरुवार, ४ मार्च २०२१ रोजी सकाळी साडेनऊ वाजता वारले. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.