शैलामावशीचा अंगठा

"पोरी, असलं कलम लिहू नकोस. उद्या तुझ्याच मानेवर बसेल," शैलामावशी म्हणाली होती, आणि कौमुदी हसली होती.

मकरपुऱ्यात दिनकररावांचा ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायचा कारखाना होता. अकरा मशीनं, अकरा बायका; शैलामावशी त्यांतलीच एक. कौमुदी काचेआडून ऑफिस सांभाळायची. अर्थशास्त्रात एम.ए. झालेली ती, नवा करार तिनेच लिहिला, तिच्यासकट सगळ्यांना लागू. जितक्या कॉइल तितकी मजुरी. शेठ कधीही काढेल, बाई कधीही जाईल, नोटीस कुणालाच नाही.

"मावशी, बांधलेल्या माणसाला भाव कोण देणार? जायची मोकळीक असली की शेठ वचकून राहतो."

"जाईल कुठं पण? दुसरं दार आहे का इथं?" मावशीने तारेने चिरलेला उजवा अंगठा साडीला पुसला. तांब्याने काळी पडलेली ती भेग कधी भरायचीच नाही.

दीड वर्षाने कौमुदी तीन महिन्यांच्या लेकीला, सानवीला, खांद्यावर घेऊन कामावर आली. रात्रभर जागलेली, सानवीच्या कपाळाला दर पाच मिनिटांनी हात लावणारी. ऑफिसच्या कोपऱ्यात पाळणा ठेवू का, एवढंच तिने विचारलं.

दिनकररावांनी तिचाच करार पुढे सरकवला. "तुम्हीच लिहिलंय ने, कौमुदीताई? नवी मुलगी सोमवारपासून येतेय. मार्केट आहे हे. भावना घरी ठेवायच्या."

तिने कागद फाडला नाही. घडी घालून दुपट्यांच्या पिशवीत ठेवला.

वर्षाच्या आत तिने तरसालीत शेड भाड्याने घेतली. अर्ध्या जागेत दहा मशीनं, अर्ध्या जागेत पाळणे. मजुरी दिनकररावांपेक्षा सव्वापट. मशीनं येऊन पडली तरी ती थांबली. दिनकररावांच्या सर्वांत मोठ्या ऑर्डरचा शेवटचा आठवडा येईपर्यंत थांबली. मग सोमवारी, दहाच्या चहाला, दहा बायका उठल्या त्या परत बसल्याच नाहीत.

अकरा वाजता फोन आला. "ताई, एक आठवडा तरी द्या! पार्टी मला उभा चिरेल!"

"मार्केट आहे, काका," कौमुदी सानवीला भरवता भरवता म्हणाली. "भावना घरी."

आंब्याची कोय चोखावी तसा तो फोन ती कितीतरी दिवस चोखत राहिली. महिनाभरात तिकडे कुलूप लागलं. आपण केलं ते न्यायाचंच केलं, असं तिला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पुढे तिच्याच रस्त्यावर दुसरा कारखाना निघाला, तेव्हा बायका टिकवायला तिला मजुरी आणखी वाढवावी लागली. ती कुरकुरली, पण मनातून खूश झाली. दोन शेठ झाले की बाईला किंमत येते, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. आता ते तिच्याच खिशातून जात होतं.

फक्त अकरावी बाई तिने बोलावली नव्हती. बायकांची यादी करताना त्या दहांतल्याच मोहनाबेनने तिच्या गुजरातीत विचारलं होतं, "अने शैलामावशी?"

"बाकीच्या जणी दिवसाला नऊ कॉइल काढतात, मावशी चार. कारखाना आहे, मोहनाबेन, धर्मशाळा नाही."

कौमुदीची शेड सुरू झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात सात कॉइल परत आल्या. सगळ्यांत दोष एकच: आत तारेच्या थरांमधला कागद फाटलेला.

"आधी कधी एक तरी परत यायची का?" कौमुदी कडाडली.

मोहनाबेन खाली बघत म्हणाली, "आधी मावशी होत्या ने. स्वतःचं मशीन बंद करून उठायच्या. प्रत्येकीच्या कॉइलवर अंगठा फिरवायच्या. कागद फुगला असला की म्हणायच्या, 'उलगड ही, रडतेय.' म्हणून तर त्यांच्या चारच व्हायच्या." मग हळूच, "आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

चार वर्षं काचेआड बसून कौमुदीने कॉइल मोजल्या होत्या. अंगठा दिसलाच नव्हता.

ती त्याच दुपारी सानवीला कडेवर घेऊन मांडवीला मावशीच्या घरी गेली. मावशीने साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं. कौमुदीने महिन्याचा पगार सांगितला, तिघींचा मिळून होईल एवढा.

"माझं काम तुझ्या कागदात कधी नव्हतंच, पोरी," मावशी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "नसलेलं काम मी विकू कशी?" सानवीकडे बघून ती किंचित हसली. "हिला टोपी घाल. वारा आहे." आणि दार लागलं.

त्यानंतर कौमुदी चारदा गेली. दार उघडलं नाही. आत कधी पातेल्याचा आवाज येतो, कधी येत नाही. शेजारी म्हणतात, असेल आत.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. मांडवीकडे गेलात तर पितळी भांड्यांच्या दुकानामागचा जिना चढा. दुसरा मजला, निळं दार. कौमुदीचं नाव घेऊ नका, नाहीतर दार उघडणार नाही. पाणी मागा. मावशी पाणी नाही म्हणणार नाही. पेला घेताना उजव्या अंगठ्याकडे बघा. भेग काळी असेल, तर कुठेतरी तिच्या हाताला काम आहे. भरून आली असेल, तर हात रिकामे आहेत; तेवढं कौमुदीला कळवा.