माळ्यावरची पावलं

प्राणी पकडणाऱ्याने शिडी भिंतीला टेकवली, तशा सासूबाई लगबगीने पुढे आल्या.

"हळू चढा हो. झोपलेत ते."

त्याने सुनेकडे पाहिलं. सुनेने नजर चुकवली.

सासरे गेल्यापासून सासूबाईंचं अन्नावरून मनच उडालं होतं. मग माळ्यावर एक उदमांजर राहायला आलं. दिवसभर झोपायचं. दिवेलागणीला उठून डोक्यावरच्या फळ्यांवरून सावकाश चालत जायचं, कौलांच्या फटीतून बाहेर पडायचं आणि विजेच्या तारेवरून, खालच्या गाड्यांच्या उजेडावर तरंगल्यासारखं, समोरच्या शाळेतल्या झाडात नाहीसं व्हायचं. ती पावलं वाजली की सासूबाई टेबलाशी येऊन बसायच्या.

"उठले बघ. वाढ आता."

आणि पोटभर जेवायच्या.

पण छताला डाग पडले, घरभर वास सुटला. शेवटी नवऱ्याने हात टेकले आणि माणूस बोलावला.

माळ्यावर लावलेला पिंजरा दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आला. आत करडं, लांब शेपटीचं मुटकुळं. डोळे तेवढे काळेभोर. सासूबाई बघत राहिल्या.

"नदीपलीकडे सोडतो," फटीला जाळी ठोकून झाल्यावर तो म्हणाला. "पण यांना गाव आपल्यापेक्षा जास्त पाठ असतं, वहिनी."

त्या संध्याकाळी घर गप्प होतं. सासूबाईंचं ताट तसंच निवलं.

"भूक नाही गं."

त्यानंतरही तेच. तेव्हा मात्र सुनेने नवऱ्याला वाढायला सांगितलं आणि अनवाणीच शिडी चढली.

माळ्यावर जुन्या गादीत झोपेचा गोल खळगा अजून तसाच होता. जाळीतून शहराचे दिवे चाळून आल्यासारखे फळ्यांवर सांडले होते. ती त्यांच्यावरून चालू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा मागे. जरा वेळाने आपण कुणाची पावलं टाकतोय, हेही तिला उमजेना. एकदा तर ती जाळीला नाक लावून त्या तारेकडे बघत उभी राहिली.

खाली ताटात चमचा वाजला.

ती उतरली तेव्हा सासूबाई तोंड पुसत होत्या. त्यांनी तिला जवळ ओढलं आणि केसांतलं जळमट काढलं.

"उद्या चप्पल घालून जा. खिळे आहेत वर," त्या म्हणाल्या. "आणि जातेच आहेस, तर ती जाळी तेवढी काढून ये."