डाव्या बाहीला चेन

"अगो, एकाच बाहीक चेन? दुसऱ्या हातान काय पाप केल्यान?" जयंतीकाकूंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं.

"डावीलाच पाहिजे काकू. खांद्यापासून पार मनगटापर्यंत. उघडली की अख्खा हात बाहेर आला पाहिजे."

"आणि आत कापूस? जानेवारी संपत इलो. मुंबईत जाकीट कोण घालता?"

"एसीत बसायचंय एका काकांना. चार-चार तास. डायलिसिसला." दर्शनाने आपल्या वडिलांचा जुना शर्ट शिवणाच्या मशीनवर ठेवला. "मापाला हा घ्या. ते काकाही तेवढेच आहेत, रुंद खांद्यांचे."

काकूंनी शर्ट उलटापालटा केला. मग शर्टाच्या डाव्या बाहीवरून खडूची रेघ ओढली.

दर्शना मुलुंडमधल्या एका इस्टेट एजंटच्या ऑफिसात कामाला होती. फोन घ्यायचे, घरं दाखवायची, सोसायट्यांमध्ये कागद पोचवायचे. आणि गेली चार वर्षं हे एक खास तिचं काम होतं. किल्ली हातात देताना घर घेणाऱ्याला काहीतरी भेट देण्याची पद्धत आहे. बाकीचे एजंट चांदीचं पाणी दिलेला गणपती देत. मुलुंडमधल्या कितीतरी शोकेसमध्ये असे तीन-तीन गणपती ओळीने बसलेले तिने पाहिले होते. तिला ते पटायचं नाही. रेवतीबाईंना तिने नावाची पाटी दिली होती, नुसती त्यांच्याच नावाची. एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा त्यांचं नाव दारावर लागलं. एका आजोबांना दिसायला कमी झालं होतं, त्यांच्या स्विचबोर्डांवर तिने स्वतः स्टुलावर चढून रेडियमचे ठिपके चिकटवले होते.

त्यासाठी तिने वही केली होती. घर दाखवताना लोक भिंतींकडे बघत बघत स्वतःबद्दल बोलतात. ते ती ऑफिसात आल्यावर लिहून ठेवायची. ऑफिसचे मालक श्यामसुंदर सर, त्यांना वहीचं फार कौतुक. "लिहीत जा, लिहीत जा. बारीकसारीक सगळं. हीच आपली खासियत," ते म्हणायचे. वही दर्शनाच्या टेबलाच्या खणात असायची. खणाला कुलूप लावायचं तिच्या कधी मनातही आलं नाही.

मानसी आणि तिचे वडील, मार्तंडकाका, पहिल्यांदा फ्लॅट बघायला आले तेव्हा लिफ्ट बंद होती. काका तीन जिने चढून आले. वर आल्यावर कठड्याला टेकून म्हणाले, "घर चांगलं असेल तर ठीक, नाहीतर उतरायचे पैसे घेईन."

त्यांच्या डाव्या हाताला पट्टी होती. दर्शनाने विचारलं, "लागलंय का काका?"

"छे. हा हात सरकारी नोकर आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार ड्यूटी. बाकीचे दिवस आराम."

काका हॉलमध्ये पंख्याखाली उभे राहिले आणि मानसी दर्शनाला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मानसी शाळेत शिक्षिका. दोघी एकाच वयाच्या, पहिल्याच फोनला अगं-तुगं झालं होतं.

"बाकीची घरं पण बघतोय असं दाखवते मी, पण खरं सांगू? हेच पाहिजे. ही खिडकी बघ ना. समोर दिसतंय ते डायलिसिस सेंटर. देवनारहून रिक्षाने आणते मी त्यांना. येताना गप्पा मारतात. जाताना मान माझ्या खांद्यावर. एकदा सिग्नलला रिक्षावाला वळून म्हणाला, मॅडम, बाबा ठीक आहेत ना?" ती हसली आणि नाक पुसलं. "आत थंडीने कुडकुडतात. सुईचा हात उघडा ठेवावा लागतो, म्हणून स्वेटर चालत नाही. जाऊ दे. तुझ्या सरांना नको हं सांगू यातलं काही. उगाच अडून बसतील."

"नाही गं. वेडी का?"

दर्शनाने सरांना काही सांगितलं नाही. फक्त वहीत लिहिलं, जाकिटाचं सुचलं म्हणून. तेवढंच.

ताबा दहा फेब्रुवारीला मिळायचा होता. पाच तारखेला सर म्हणाले, "सोसायटीची एनओसी अडकलीय. महिनाभर लागेल, सांग त्यांना." दर्शनाने सांगितलं. मार्चमध्ये पुन्हा सांगितलं. एप्रिलमध्ये फोन करताना तिचाच आवाज पडला.

"तू बघतेयस ना?" मानसीने विचारलं. मागे रिक्षाचा आवाज येत होता.

"रोज विचारते मी सरांना."

"मग ठीक आहे. तू आहेस म्हणून मी शांत आहे, नाहीतर त्या सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बसले असते."

किल्ली द्यायचा दिवस ठरला मे महिन्यात. दर्शना जाकिटाचं पुडकं घेऊन अर्धा तास आधीच फ्लॅटवर पोचली. घरमालक चंद्रप्रकाश आत होते, खिडक्या लावून बघत होते. बेडरूमच्या दाराला सुकलेलं झेंडूचं तोरण लटकत होतं. बाथरूमच्या आरशावर कुणाच्या तरी टिकल्या चिकटलेल्या होत्या, लाल, हिरव्या.

"इथे कोणी राहत होतं?"

"पाहुणे हो. मुलाचं लग्न झालं ना एप्रिलमध्ये. साखरपुड्यापासून येणंजाणं चालू होतं. बरं झालं घर हाताशी होतं."

"पण एनओसी आली नव्हती ना तोपर्यंत?"

"एनओसी?" त्यांनी खिडकी सोडली. "ती तर जानेवारीतच मिळाली. मी फेब्रुवारीत द्यायला तयार होतो, खरंच. म्हटलं शब्द दिलाय. तुमचे सरच म्हणाले, घाई कशाला, पार्टी कुठे जात नाही. तुमचं ते पानही पाठवलं त्यांनी. तुमचं अक्षर सुंदर आहे हं, मी बायकोला दाखवलं."

त्यांनी मोबाइल पुढे धरला. खरोखरच कौतुकाने.

तिच्याच वहीचं पान होतं. तिचंच निळं पेन. 'मार्तंडकाका. सोम, बुध, शुक्र डायलिसिस. सेंटर समोरच, म्हणून हेच घर हवंय, दुसरं बघणार नाहीत. परतताना फार थकतात. थंडी वाजते. डावा हात उघडा राहील असं काही?' त्या प्रश्नचिन्हाखाली सरांचा मेसेज होता. 'निवांत लग्न उरका. हे थांबतील. तुमचे दुसरे दोन फ्लॅट मात्र विकायला आपल्याकडेच द्या.'

दर्शना गॅलरीत गेली आणि सरांना फोन लावला.

"सर, माझ्या वहीचं पान तुम्ही..."

"हां, बोल."

"त्यांनी मला विश्वासाने सांगितलं होतं."

"अगं, मग तू लिहिलंस कशाला?" सरांचा आवाज नेहमीसारखाच होता, मायेचा. "धंद्यात माहिती असते ती वापरायची असते. खोटी होती का? नव्हती. घर मिळालं ना त्यांना? मग. आणि ते जाकीट देताना फोटो काढ एक चांगला. म्हातारे हसताना. पेजवर टाकू."

समोर सेंटरच्या दारात एक रिक्षा थांबली होती. तीन महिने, आठवड्याला तीन फेऱ्या. बोटं मोजायला लागली तशी तिने मूठ मिटली.

लिफ्टचं दार वाजलं. मानसी चाकाची खुर्ची ढकलत आत आली. खुर्चीत काका होते. दर्शनाला ते लगेच ओळखू आले नाहीत. त्यांच्या गळ्याभोवती शर्टाची कॉलर वेगळीच उभी होती.

"घर चांगलं असेल तर ठीक," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना दमामुळे पुरं करता आलं नाही. त्यांनी हाताने नुसतं 'राहू दे' केलं.

चंद्रप्रकाशांनी किल्ल्या दिल्या, पेढा दिला, काकांना वाकून नमस्कार केला आणि गेले.

"आलो गं बाई एकदाचे," मानसी म्हणाली आणि दर्शनाच्या गळ्यात पडली. "तू नसतीस ना..."

"मानसी, थांब." दर्शनाने तिचे हात सोडवले. "एनओसी अडकली नव्हती. जानेवारीतच आली होती. चंद्रप्रकाशांकडचे लग्नाचे पाहुणे राहत होते इथे. मला आत्ता कळलं."

"मग फेब्रुवारीत का नाही दिलं?"

"तुम्ही थांबाल हे त्यांना माहीत होतं." तिने श्वास घेतला. "तू स्वयंपाकघरात बोललीस ते मी लिहून ठेवलं होतं. भेटीसाठी. सरांनी ते पान चंद्रप्रकाशांना पाठवलं."

मानसीने हातातला पेढा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, अगदी सावकाश, फुटेल म्हणून ठेवावा तसा.

"मी सांगितलं होतं, सांगू नकोस म्हणून."

"सांगितलं नाही मी."

"लिहिलंत."

दोघींच्या मधे पुडकं होतं. काकांनी खुर्चीतून हात लांब केला. "काय आणलंस गं? बघू."

"बाबा, राहू दे. आपल्याला नकोय."

"बघू तर दे."

त्यांनी स्वतःच दोरा सोडला. चेन वर-खाली करून पाहिली, दोनदा. "डोकं लावलंय पोरीने," ते पुटपुटले आणि जाकीट अंगात घालायला लागले. मानसीला पुढे व्हावंच लागलं.

खांद्यांच्या शिवणी त्यांच्या दंडावर उतरल्या. उजव्या बाहीतून बोटांची टोकंसुद्धा दिसेनात. जानेवारीतल्या माणसाचं माप होतं ते.

"मोठं झालं का?" काकांनी विचारलं.

"नाही बाबा. आतून स्वेटर घालता येईल," मानसी म्हणाली. तिने गुडघ्यावर बसून बाही दुमडली, पुन्हा दुमडली, पुन्हा. वर न बघता म्हणाली, "तुम्ही या आता. दार ओढून घ्या."

दर्शनाने नोकरी सोडली नाही. जूनमध्ये मुलीची, गार्गीची शाळा सुरू होणार होती, आणि नवरा म्हणाला ते बरोबर होतं, सगळीकडे कुणी ना कुणी सर असतोच. ती फक्त वही घरी घेऊन आली आणि गॅसच्या शेगडीवर एकेक पान धरलं. गार्गीने विचारलं, आई, हा कसला स्वयंपाक? सरांनी दोन दिवसांनी विचारलं, "वही कुठाय गं?" ती म्हणाली, संपली.

पुढच्या शनिवारी ती आकाश आणि दिशा नावाच्या जोडप्याला चंद्रप्रकाशांचाच दुसरा फ्लॅट दाखवत होती. आकाश नळ सोडून बघत होता. दिशाला सातवा महिना असावा. ती हॉलभर फिरली, खिडकीशी थांबली, मग आवाज बारीक करून दर्शनाच्या जवळ आली.

"ताई, तुम्हाला म्हणून सांगते. आमचं ना जरा घरी..."

"मला नका सांगू," दर्शना म्हणाली.

दिशा गोंधळली. तिचा हात पोटावर गेला.

"कोणालाच नका सांगू. घर आवडलं तरी तसं दाखवू नका." दर्शनाने पुढे होऊन बेडरूमचं दार उघडलं आणि बाजूला उभी राहिली.

"ही बेडरूम. दहा बाय बारा."