शफीकभाईंचा अंगठा

आखातातल्या रय्यानमध्ये राहणाऱ्या कोकणी माणसाला सुट्टीवर गावी जाताना अत्तर, चॉकलेटं, ब्लँकेटं वाटेल ती एकट्याने घेता येत. पण सुतारकामाची हत्यारं घ्यायची असली, की शफीकभाई हमदुल्यांना सोबत न्यावं लागे. तसा काही कायदा नव्हता, पण वीस वर्षांत तो कुणी मोडलाही नव्हता. कुणाचा भाऊ दापोलीला फर्निचर करायचा, कुणाचा मेहुणा मंडणगडात दारं-खिडक्या बसवायचा. शफीकभाईंनी लाकूड कोरायच्या पटाशीच्या धारेवर अंगठा फिरवून मान हलवली, की ती पटाशी समुद्र ओलांडून कोकणात जाई. मान हलली नाही, तर दुकानदाराने कितीही डोकं आपटलं तरी ती काउंटरवरच राही.

हा अंगठा आठ महिन्यांपूर्वी मेला होता.

आधी रमझानमध्ये उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, मग टोकं पांढरी पडू लागली, मग मुंग्याही गेल्या. मुंग्या गेल्या म्हणून शफीकभाईंना बरं वाटलं होतं, हा त्यातला मोठा विनोद. दवाखान्यातल्या डॉक्टरने विचारलं, मशीन किती वर्षं चालवता? सव्वीस, म्हणाले. डॉक्टर म्हणाला, मशीनची थरथर नसांत शिरली आहे, आता मशीनला हात लावू नका. फोरमन सुताराला मशीनला हात लावू नका म्हणणं म्हणजे कोळ्याला पाण्यात जाऊ नको म्हणण्यासारखंच. शफीकभाईंनी चिठ्ठी खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये जाऊन दाराच्या चौकटी कापल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी बायकोला सांगितलं नाही, वर्कशॉपमध्ये तर नाहीच. तिथे कळलं असतं, तर आधी मशीन गेलं असतं, मग फोरमनकी, मग गावचं तिकीट हातात आलं असतं. पण खरी भीती तिकिटाची नव्हती. गावी घर होतं, लेक अनम सासरी सुखात होती, पोटाला कमी पडलं नसतं. भीती ही, की अंगठा गेला तर शफीक हमदुले म्हणून मागे राहतं काय? पाच फूट चार इंचांचा एक म्हातारा. असे गावात पारावर पुष्कळ बसलेले असतात.

आणि एक गोष्ट त्यांनी स्वतःशीसुद्धा नीट बोलून पाहिली नव्हती. बधिरपणा बोटांपाशी थांबला होता, याची त्यांना खात्री नव्हती. बकरी ईदच्या आधी त्यांची आई गेली. फोन आला तेव्हा ते एका दाराला रंधा मारत होते. त्यांनी 'इन्ना लिल्लाहि' म्हटलं, फोन ठेवला आणि दार पुरं केलं. लोक म्हणाले, काय सबुरीचा माणूस! शफीकभाई वाट बघत राहिले, की रडू आज येईल, उद्या येईल. ते आलंच नाही.

अशात मुनाफ आला. मुनाफ तासाभरावरच्या अल खोरला राहायचा आणि कंपनीची बस चालवायचा. माणूस लाख चांगला, पण तोंडात तीळ भिजत नसे. त्याला सकाळी सांगितलेली गोष्ट संध्याकाळी रत्नागिरीत पोचायची.

"शफीकभाय, रविवारी मी जाताय," तो म्हणाला. "माझा पोरगा हमजा आता उस्तादाला सोडून स्वताचा काम सुरू करताय. सगली हत्यारां तुमच्या हातची पायजेत."

"दुकानदार चांगला हाय. त्याला सांग, तो देल."

"दुकानदाराचा अंगठा काय करू? पोरान सांगितलाय, शफीकचाचांनी बघितली नाय तर आणू नको."

यावर नाही म्हणायला कारण लागतं, आणि खरं कारण मुनाफला सांगणं म्हणजे मशिदीच्या भोंग्यावरून सांगणं. शुक्रवारी जुम्म्यानंतर दोघे दुकानात गेले.

मुनाफने शिरताशिरता एक चकचकीत पेटी उचलली. आत एकशे आठ हत्यारं, प्रत्येकाला आपापली खाच. शफीकभाईंनी ती त्याच्या हातातून काढून परत ठेवली.

"ही नवरीच्या रुखवतात ठेवायला बरी. एकशे आठांतली आठ लागतात आणि तीच आठ पयल्या महिन्यात मोडतात. चकाकी बघून घेशील तर फसशील."

मग त्यांनी हातोडी घेतली. दांड्याच्या लाकडाच्या रेषा उभ्या, टोकापर्यंत गेलेल्या हव्यात, आडव्या असल्या तर दांडा एक दिवस हातात राहतो आणि डोकं समोरच्याच्या कपाळात जातं. चार हातोड्या बाजूला सारून त्यांनी पाचवी दिली. करवतीचं पातं वाकवून सोडलं, ते सुतासारखं सरळ झालं. नखाने टिचकी मारून कानाजवळ धरलं, आवाज लांबपर्यंत गेला. काटकोन बघायचा गुण्या कागदाच्या कडेला लावून रेघ मारली, मग उलटा करून त्याच ठिकाणी पुन्हा मारली. रेघा एकीवर एक बसल्या नाहीत. दुसरा गुण्या घेतला, त्याच्या बसल्या. ही सगळी कामं डोळ्यांची आणि कानांची होती. शफीकभाईंना वाटलं, निभेल. मुनाफ बाजूला उभा राहून बारशाला आल्यासारखा प्रत्येकाला हसून दाखवत होता.

शेवटी पटाश्या आल्या, चारांचा संच. दुकानदार मल्याळी होता, त्याला शफीकभाईंची रीत पाठ होती. त्याने न सांगता काउंटरवर जाड पुठ्ठा पसरला. नव्या पटाशीची धार कारखान्यात लावलेली असते, तिच्यावर भाळणारा उंटावरचा शहाणा. पोलाद कसं आहे ते धार एकदा वापरल्यावर कळतं. शफीकभाई शिसवीचा एक ठोकळा पिशवीत ठेवत. त्याच्या आडव्या टोकावर पटाशी दहा वेळा मारायची आणि मग धारेवर अंगठा फिरवायचा. पोलाद हलकं असलं तर धारेवर बारीक खोचा पडतात. त्या डोळ्याला दिसत नाहीत, अंगठा मात्र त्यांवर अडखळतो. शफीकभाईंचा अंगठा असा, की तो केसाएवढ्या खोचेवरही अडखळे.

त्यांनी दहा घाव घातले. अंगठा धारेवर फिरवला. काही नाही. जरा दाबून फिरवला. तरी काही नाही. जणू अंगठा दुसऱ्या कुणाचा होता आणि त्याने निरोप पाठवला नव्हता. त्यांनी आणखी दाबला.

"शफीकभाय, रगत!"

पुठ्ठ्यावर लाल थेंब टपटपत होते. शफीकभाई त्यांच्याकडे बघत राहिले. कुणाचं रक्त सांडलंय, हे कळायला त्यांना एक क्षण लागला.

आता सगळं उघड होणार, असं त्यांना वाटलं. पण मुनाफचा चेहरा फुलला होता.

"या अल्ला, काय धार हाय! दहा घाव मारून पण शफीकभायचा अंगठा कापला! बांधा, चारी बांधा!"

दुकानदारही खूश झाला. त्याने कागदी रुमाल आणला, अंगठ्याला गुंडाळला, पटाश्या गुंडाळल्या. शफीकभाईंनी तोंड उघडलं होतं. खोचा पडलेली धारही कापते, किंबहुना तीच जास्त कापते, हे त्यांना सांगायचं होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि मान हलवली. मुनाफ पिशवी घेऊन गेला.

घरी त्यांच्या बायकोने, रबियाने, रुमाल सोडला आणि जखमेवर औषध ओतलं. ते भलतंच झोंबणारं औषध होतं. शफीकभाई खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी बघत बसले होते. रबियाचा हात थांबला.

"झोंबत नाय?"

"झोंबताय की," ते म्हणाले, पण उशीर झाला होता.

रबियाने औषध बाजूला ठेवलं. तिने जखमेकडे वाकून बघितलं. "कशान कापला हा? पटाशीचा घाव सरळ असतो. हा तर फाटलाय."

शफीकभाईंनी चष्मा लावला. जखमेच्या कडा कुरतडल्यासारख्या होत्या. त्यांना उत्तर मिळालं. पटाश्या खोट्या होत्या, आणि त्या त्यांच्या नावावर रविवारी विमानात बसणार होत्या. हमजाच्या नव्या धंद्यातली पहिली दारं त्या पटाश्यांनी होणार. आठवड्यात त्यांची धार जाणार, आणि पोरगं पटाशीला दोष देणार नाही. शफीकचाचांनी बघितलेली आहे म्हटल्यावर ते स्वतःच्या हाताला दोष देणार. शफीकभाईंना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पण वाटलं नाही म्हणून खोटं खरं होत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

शनिवारी सकाळी ते अल खोरला गेले. मुनाफ बॅगेचं वजन करत होता. शफीकभाईंनी पिशवीतून ठोकळा काढला आणि अंगठा कापणारी ती पटाशी मागितली.

"तुझा अंगठा दे."

"माझा?"

"दे म्हणतो ना."

त्यांनी मुनाफचं मनगट धरलं आणि त्याचा अंगठा हलकेच, आडवा, धारेवरून नेला. "काय लागताय?"

"मधी अडकताय," मुनाफ म्हणाला. "दोन ठिकाणी."

बाकीच्या तिन्ही शिसवीवर मारून पाहिल्या. तिन्हींवर अंगठा अडकला. मुनाफ आता शफीकभाईंच्या बांधलेल्या अंगठ्याकडे बघत होता. त्याला हत्यारातलं काही कळत नव्हतं, पण वीस वर्षं बस चालवणाऱ्याला माणसं कळतात.

"शफीकभाय, तुमाला काल लागला नाय?"

"मना काय लागत नाय, मुनाफ. रमझानपासना."

मुनाफने वजनकाटा खाली ठेवला. अल्ला अल्ला केलं नाही की कपाळाला हात लावला नाही. गाडीची किल्ली उचलली आणि म्हणाला, "यल्ला, चला, दुकान उघडा असल."

अल खोर ते रय्यान दोघांत कुणी बोललं नाही. मुनाफ एवढा वेळ गप्प राहिलेला शफीकभाईंनी कधी पाहिला नव्हता. हा आपल्यावर उपकार करतोय, हे त्यांना कळत होतं, आणि हा उपकार विमान उतरेपर्यंतच टिकेल, हेही.

दुकानात शनिवारची गर्दी होती. वर्कशॉपमधला फजल स्क्रू घ्यायला आला होता, त्याने लांबून सलाम केला. दुकानदाराने कुरकुरत चार पटाश्या परत घेतल्या आणि दुसऱ्या जातीच्या काढल्या, काळसर, बिनचकाकीच्या. शफीकभाईंनी डाव्या हाताने ठोकळा धरून दहा घाव घातले आणि पटाशी मुनाफपुढे केली. मुनाफने अंगठा लावला.

दुकानदाराला हे नवीन होतं. "आज भाई नहीं देखेंगे?"

"भाई का अंगूठा कल कटा ना, तुम्हारे सामने," मुनाफ घाईने म्हणाला. "चार दिन में ठीक हो जाएगा."

खोटं चांगलं होतं. मुनाफसारख्याच्या तोंडून इतकं नीटनेटकं खोटं निघावं, याचं शफीकभाईंनाही नवल वाटलं. त्या खोट्याच्या आडोशाला आणखी वर्ष-दोन वर्षं बसता आलं असतं. मग त्यांनी मुनाफकडे पाहिलं. तो डोळे बारीक करून, जीभ दातांत धरून धारेवरून अंगठा नेत होता, पुन्हा नेत होता. पोराची पटाशी होती ती.

"ठीक नहीं होगा," शफीकभाई दुकानदाराला म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण फजलने वळून बघितलं. "आठ महीने से हाथ में जान नहीं है. इस साल मैंने जिसको जो दिया है, बोलो फिर से देख ले."

फजलच्या हातातली स्क्रूची पुडी तशीच राहिली. शफीकभाईंनी स्वतःला चाचपून पाहिलं, लाज वाटतेय का, हलकं वाटतंय का. काहीच वाटत नव्हतं.

"शफीकभाय," मुनाफने हाक मारली. त्याने पटाशी दोन्ही हातांनी पुढे धरली होती. "ही अडकत नाय. मना तरी बरी वाटताय. तुमी सांगा, घेव?"

शफीकभाईंनी पटाशी हातात घेतली. वजन कळलं, दांड्याचा रंग दिसला. धारेबद्दल या माणसाला जेवढं ठाऊक होतं, तेवढंही आता त्यांना ठाऊक नव्हतं. एका बसड्रायव्हरच्या शब्दावर हत्यार घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि इथून पुढे प्रत्येक वेळी हत्यार कुणा ना कुणाच्या शब्दावरच घ्यावं लागणार होतं. हे मात्र त्यांना लागलं. छातीत, इतक्या जोरात, की त्यांनी काउंटरची कड धरली. आई गेल्यापासून अडलेलं पाणी डोळ्यांत आलं, आणि फजलदेखत, दुकानदारादेखत, त्यांनी ते येऊ दिलं.

"तुला बरी वाटताय ना," ते म्हणाले, "मग घे."