कापल्याक्षणीचा रंग

“काका, हे काय लिहिलंय?” छोट्या डॉक्टरांनी रजिस्टरवर बोट ठेवलं. “पोपटी?”

“हो, पोपटी,” मी म्हटलं आणि ट्रेकडे पाहिलं. ट्रेमधली गाठ पांढुरकी, राखाडी, अगदी चारचौघींसारखी पडली होती.

“कुठे आहे पोपटी?”

“आत्ता होती.”

एकतीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही, हे मला बोलता बोलताच कळलं. तेवढ्यात मागून मोठे डॉक्टर आले. ते आमच्या विभागाचे प्रमुख. त्यांनी रजिस्टर वाचलं, ट्रे पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “काका, तुमचा पोपट झाला.” सगळी लॅब हसली. मीही हसलो, कारण विनोद चांगला होता आणि दुसऱ्या कुणावर करायचा असता तर मीच केला असता.

झालं होतं ते असं. आमच्याकडे येणारे नमुने बहुतेक ते टिकवायच्या फॉर्मालिनमध्ये बुडून येतात, त्यामुळे त्यांचा मूळचा रंग वाटेतच उडालेला असतो. ही मानेतली गाठ मात्र सर्जननी मुद्दाम ताजी पाठवली होती, मिठाच्या पाण्यात. छोट्या डॉक्टर फोनवर होत्या. त्यांनी हातानंच ‘कापा’ अशी खूण केली आणि मी सुरी चालवली. आत पोपटी रंग. हिरवट नव्हे, शेवाळी नव्हे, सरळ पोपटी. मी मान वळवून रजिस्टरमध्ये क्रमांक, माप आणि रंग लिहिला, आणि त्यांचा फोन संपून त्या टेबलापाशी येईपर्यंत रंग गेला होता.

त्यात भर म्हणजे दोनच महिन्यांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. “नवा डोळा आहे, सगळं ताजंतवानं दिसत असेल,” कुणीतरी म्हणालं. माझं काम गाठी कापायला मदत करायची, तुकडे मेणात बसवायचे, मेणाचे ठोकळे केसाहून पातळ चिरायचे आणि काचेवर घेऊन रंगवायचे. निदान डॉक्टर करतात. रिपोर्टवर माझं नाव येत नाही, आणि ते कधी यावं असं मला वाटलंही नाही. पण रंगाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये, एवढा गर्व मी बाळगून होतो आणि तो त्या मंगळवारी जरा दुखावला.

गुरुवारपर्यंत स्लाइड तयार झाल्या. गोल गोल निळ्या पेशी, दाटीवाटीनं. मोठ्या डॉक्टरांच्या मते लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग. वय तरुण, गाठ मानेत, रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ, मग दुसरं काय असणार? छोट्या डॉक्टर मात्र सूक्ष्मदर्शकावरून उठेनात. लिम्फोमासाठी जे खास स्टेन, म्हणजे पेशींची जात ओळखायचे रंग, करतात त्यातला एक पुसटसा लागला होता आणि बाकीच्यांनी हात वर केले होते.

“कधीकधी लागत नाहीत,” मोठे डॉक्टर म्हणाले. “सोमवारी औषधं सुरू करायचीत. उद्या रिपोर्ट द्या. आणि काका, हे रजिस्टरचं पान फाइलबरोबर बाहेर जाणार आहे. ते पोपटीबिपटी खोडा, पांढुरकी लिहा.”

“बरं साहेब,” मी म्हटलं आणि पेन घेतलं. तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली.

खिडकीत एक तिशीची बाई उभी होती. मानेवर पट्टी आणि पट्टीच्या खाली, दोरीला लटकवलेली शिट्टी. रस्त्यापलीकडच्या पोहण्याच्या तलावावर ती जीवरक्षक होती. मला ती ओळखीची होती, कारण तिच्या शिट्टीचा आवाज आमच्या लॅबपर्यंत येतो आणि आम्ही तिला शिट्टीवालीच म्हणतो. पण गाठ तिची आहे हे मला त्या क्षणी कळलं.

“माझ्या गाठीचं काय झालं?” तिनं विचारलं.

“रिपोर्ट डॉक्टर देतील.”

“ते मला माहितीये. पण तुम्ही पाहिलीत ना? दिसायला कशी होती?”

असा प्रश्न मला उभ्या नोकरीत कुणी विचारला नव्हता. “देखणी होती,” मी म्हटलं.

“असणारच. आमच्याकडचं सगळंच देखणं असतं,” ती म्हणाली आणि अशी मोकळी हसली की खिडकीच्या अलीकडे मलाही हसू आलं. मग जरा पुढे वाकून म्हणाली, “काका, लवकर आटपा तेवढं. शाळांना सुट्ट्या लागतायत. पोरं पाण्यात उड्या मारायला लागली की माझ्याशिवाय कोण बघणार?”

ती गेली. पेन माझ्या हातातच होतं. गाठ कुणाची हे ठाऊक नसतं तर कदाचित मी तो शब्द खोडून मोकळाही झालो असतो. आता हात उचलेना. माझी नजर चुकली असेल तर खोडायलाच हवं, पण चुकली नसेल तर त्या बाईच्या आत जे काही होतं त्याची एकमेव नोंद मी माझ्या हातानं पुसणार होतो. “उद्या सकाळी खोडतो,” असं मी स्वतःलाच सांगितलं आणि घरी गेलो.

“अहो, चहा पिताना डोळे कसले मिचकावताय?” बायकोनं विचारलं. मी एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटून टेबलावरच्या कापडाकडे पाहत होतो. मग तिला सगळं सांगावंच लागलं. तिनं ऐकून घेतलं, उठली आणि विणकामाची पिशवी घेऊन आली. आमच्याकडे लोकरीचे इतके गुंडे आहेत की एखादा चोर शिरला तर पाय अडकून तिथेच पडेल.

“खिडकीत बसा, अजून उजेड आहे. डावा डोळा झाका. हा कोणता?”

“मोरपंखी.”

“हा?”

“पिस्ता.”

“हा?”

“शेवाळी. आणि तो पाठीमागे लपवलेला पोपटी.”

“लपवलेला ओळखायला सांगितला नव्हता,” ती म्हणाली. मग उजवा डोळा झाकायला लावून तिनं सगळी परीक्षा पुन्हा घेतली. तोच गुंडा दोनदा दाखवून फसवायलाही पाहिलं. पांढरा तेवढा नव्या डोळ्याला निळसर आणि जुन्याला पिवळसर दिसत होता. पोपटी दोन्ही डोळ्यांना पोपटीच.

“झालं तर मग. पास,” तिनं गुंडे पिशवीत कोंबले.

“अगं, पण मग रंग गेला कुठे? दोन मिनिटांत?”

“ते मला काय ठाऊक? रंग कुठे जातात हे सासऱ्यांना विचारायला हवं होतं.”

ती सहज बोलली आणि मी कप हातात धरून तसाच बसलो. माझे वडील रंगारी होते. निळीच्या पिंपातून कापड वर काढलं की ते निळं नसतं, हिरवं असतं. वाऱ्यावर धरलं की तुमच्या डोळ्यांदेखत निळं होत जातं. बाहेरून पाहायला येणाऱ्याला ते हिरवं कधी दिसतच नाही, कारण तो येईपर्यंत काम संपलेलं असतं. वडील म्हणायचे, पिंपापाशी उभा असतो त्यालाच खरा रंग कळतो. त्या संध्याकाळी मी लोकरीच्या पिशवीशेजारी बसून इतका खूश झालो की बायकोला वाटलं, नवा डोळा सोसला नाही.

शुक्रवारी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला. “खोडलंत?”

“नाही साहेब. खोडणार नाही.”

त्यांनी चष्मा काढला. एकतीस वर्षांत मी त्यांना आणि त्यांच्या आधीच्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं.

“मला दिसलं ते मी लिहिलंय,” मी म्हटलं. “पाहिजे तर खाली तुम्ही लिहा की काकांचं ऑपरेशन झालंय, नजरेचा भरवसा नाही. माझी हरकत नाही. पण शब्द राहू द्या.”

“काका, मी तर त्याच खोलीत होते,” छोट्या डॉक्टर समजुतीनं म्हणाल्या. “मग मला का नाही दिसला?”

“तुम्ही फोनवर होता. तुम्ही येईपर्यंत त्याला हवा लागली.” आणि मी निळीच्या पिंपाचं सांगितलं. मोठे डॉक्टर सौजन्यानं ऐकत होते, म्हणजे घड्याळ पाहत होते. छोट्या डॉक्टरांनी मात्र हातातला चहा खाली ठेवला.

“थांबा. हवा लागल्यावर रंग गेला? नक्की?”

“दोन-तीन मिनिटांत.”

त्या उठल्या, स्टूल ओढलं, चपलांसकट त्यावर चढल्या आणि कपाटाच्या वरून एक जाडजूड जुनं पुस्तक उतरवलं. धूळ उडाली. पानं उलटता उलटता त्या उभ्यानंच पुटपुटत होत्या. मग त्यांनी पुस्तक मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवलं आणि एका ओळीखाली नख ओढलं. अशी एक दुर्मीळ गाठ ताजी कापल्यावर हिरवी दिसते, हवेत रंग उडतो, असं तिथे लिहिलेलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी ती ओळ दोनदा वाचली. मला नंतर समजावून सांगितलं ते साध्या भाषेत असं. हा रक्ताचा कर्करोग, पण रक्तात नाही. ज्या पेशींनी हाडांच्या मज्जेत असायचं, त्यांनी बाहेरच बिऱ्हाड थाटलेलं. क्वचित असं होतं. मज्जा स्वच्छ, रक्त स्वच्छ आणि मानेत गाठ, म्हणून जो तो लिम्फोमा म्हणतो आणि वेगळीच औषधं देत बसतो. मग काही महिन्यांनी तो रोग रक्तात उतरतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

“एक स्टेन राहिलाय, मज्जेतल्या पेशी ओळखणारा, मायलोचा,” छोट्या डॉक्टर म्हणाल्या. “लिम्फोमाच्या यादीत नसतो म्हणून केला नाही. काका, उद्यापर्यंत होईल?”

“आजच होईल,” मी म्हटलं.

त्या दिवशी मी जेवलो नाही आणि भूकही लागली नाही. ठोकळा इतक्या मायेनं चिरला की पापुद्रा पाण्यावर एक सुरकुतीही न पडता पसरला. चार वाजता स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. रोग असावा असं कसं मागायचं? पण तो तर होताच, निदान त्याचं खरं नाव तरी सापडू दे, एवढंच मी मनात म्हणत होतो.

“काका, या,” छोट्या डॉक्टरांचा आवाज बदललेला होता. “तुम्हीच बघा.”

सगळ्या पेशी तपकिरी झाल्या होत्या, म्हणजे स्टेन लागला होता, एकूण एक पेशीला. मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं, मान हलवली आणि स्वतः फोन उचलून सोमवारची औषधं थांबवायला सांगितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पोपट माझाच झाला.” त्या संध्याकाळी लॅबमध्ये दुसऱ्यांदा चहा आला आणि तो त्यांनी स्वतः ओतला.

शिट्टीवालीची औषधं बदलली. ती दूरच्या मोठ्या रुग्णालयात गेली आणि तलावावर दुसऱ्याच कुणाची कर्कश शिट्टी वाजू लागली. अधूनमधून बातमी यायची. केस गेले, ताप आला, ताप उतरला. मग एकदा कळलं की भावाची मज्जा जुळली. पुढे बरेच महिने काहीच कळलं नाही आणि विचारायचा मला धीर झाला नाही.

वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी खिडकीवर टकटक झाली. डोक्यावर बोटभर वाढलेले केस, गाल भरलेले. मी पुतळ्यासारखा बघत राहिलो.

“ओळखलं नाही ना?” ती म्हणाली. “सोमवारपासून कामावर. रक्त एकदम स्वच्छ. फक्त भावाशी भांडायची पंचाईत झालीये, अंगात त्याचंच रक्त खेळतंय.” मग तिनं घडी घातलेला कागद काढला, रिपोर्ट. “यात लिहिलंय, कापल्याक्षणी रंग पोपटी, तंत्रज्ञानं पाहिला. हे तंत्रज्ञ कोण?”

हे वाक्य रिपोर्टात आहे हे मला ठाऊक नव्हतं. छोट्या डॉक्टरांनी कधी सांगितलंच नव्हतं. “ते आज रजेवर आहेत,” मी म्हटलं.

“खोटं बोलतायत,” मागून छोट्या डॉक्टर म्हणाल्या. “हेच ते.”

शिट्टीवाली हसली नाही. ती खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही कोपरे टेकवून पुढे वाकली. “काका, चष्मा काढा.”

माझ्या हातात हातमोजे होते. मी ते उतरवले, मग चष्मा काढला. तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं, आधी एका, मग दुसऱ्या, अगदी सावकाश. एकतीस काय, आता बत्तीस वर्षं मी माणसांच्या आतलं पाहत आलो होतो. माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

मग ती “येते” म्हणाली आणि रस्ता ओलांडून तलावाकडे गेली. ती फाटकातून आत शिरेपर्यंत मी बिनचष्म्यानंच बघत उभा होतो.