शून्याची फळी

मी एक जुनी फळी आहे. देखणी म्हणावी अशी मी कधीच नव्हते. सागाच्या रेषा, शिसवाचा रंग, देवदाराचा वास, यांतलं माझ्याकडे काहीच नाही. लाकडाचा भुसा गोंदात कालवून, तापवून, दाबून मला केलं. त्यामुळे माझं झाड कोणतं, हे मलाही सांगता येणार नाही. घडले तेव्हा मी अठरा मिलिमीटर जाड होते. आज साडेआठ आहे. मित्रांनो, मधले साडेनऊ मिलिमीटर कुठे गेले, तेवढीच माझी गोष्ट.

एका सुतारांच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन होतं. त्याच्या लोखंडी टेबलावर मला अंथरलं आणि बारा बोल्टांनी आवळलं. बोल्टांची डोकी माझ्या पोटात खोल बुडवली, मशीनच्या फिरत्या कटरला लागू नयेत म्हणून. माझं काम सांगायला सोपं आहे. कोरायचं लाकूड माझ्यावर ठेवतात. कटर ते आरपार कापतो, तेव्हा त्याचं टोक केसभर पुढे जातं. मी नसते तर ते लोखंडावर आपटून मोडलं असतं. म्हणून तो शेवटचा केसभर घाव माझ्यावर.

पहिल्या दिवशी सुतारांनी माझ्यावर कागदाचा एक कपटा ठेवला. कटर हळूहळू खाली आणत ते कपटा बोटाने मागेपुढे करत राहिले. कपटा अडकला तिथे त्यांनी बटण दाबलं आणि पडद्यावर शून्य उमटलं.

“आता सगळं हिच्यापासून मोजायचं,” ते म्हणाले.

पाट्या, खुर्च्यांच्या पाठी, पाळण्यांच्या कडा, दरवाजे, सगळ्यांची उंची माझ्यापासून मोजली गेली. कौतुक मात्र त्यांचं झालं. त्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण त्यांचा दर्शनी भाग मी कधी पाहिलाच नाही. माझ्या वाट्याला नेहमी पाठ येते.

दर सात-आठ महिन्यांनी माझ्या अंगावर इतक्या रेघा होत की लाकूड नीट बसेना. मग सुतार रुंद कटर लावून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्धा मिलिमीटर तासून काढत. पॉलिशवाले काका कोपऱ्यातून विचारत, “आज काय काम नाही वाटतं?”

“आज फळीची आंघोळ.”

“घाला, घाला. तुमच्यापेक्षा तीच जास्त वेळा करते.”

प्रत्येक आंघोळीत पाळणे जात, खुर्च्या जात, पाट्यांची अक्षरं जात. मी पुन्हा कोरी होई, आणि थोडी पातळ. अशा माझ्या अठरा आंघोळी सुतारांनी घातल्या.

सुतारांची मुलगी खिडकीपाशी कॉम्प्युटर घेऊन बसत असे. मशीनने कुठून कसं जायचं, ती वाट ती आखून देई. बाप तिला ‘इंजिनीअरबाई’ म्हणे; काम चुकलं की जरा लांबवून म्हणे. एकदा एका शाळेचं काम आलं. तिथली मुलं डोळ्यांनी पाहू शकत नव्हती. नव्या इमारतीच्या लांब व्हरांड्यात, मुलांच्या हाताच्या उंचीवर, लाकडी पट्टा लावायचा होता. सोळा फळ्या, एकापुढे एक. त्यांवर लाटा कोरायच्या आणि मुलांनी हात फिरवत चालायचं. लाट लांब आणि संथ असेल तर पुढे वाट मोकळी आहे. लाटा जवळजवळ येऊ लागल्या तर जिना येतोय. एक आडवी बारीक कड हाताला लागली की थांबायचं, पुढचं पाऊल पायरीवर आहे. आणि लाटा संपून चौकोनी रेघ लागली, आत सगळं सपाट असलं, तर तिथे दार आहे.

मुलीने व्हरांड्याचा नकाशा कॉम्प्युटरमध्ये घातला आणि जिना जिथे होता तिथे एक ठिपका ठेवला. त्या ठिपक्यापासून जितकं दूर, तितकी लाट लांब, असं नातं तिने बांधून दिलं. मग एक आकडा सरकवला की सोळाही फळ्यांवरच्या लाटा एकदम बदलत. वाऱ्याने पाणी हलावं तशा. पॉलिशवाले काका ब्रश हातात घेऊनच बघायला आले आणि पॉलिशचे दोन थेंब जमिनीवर सांडून गेले.

पहिला नमुना मात्र बिघडला. जिन्याजवळच्या लाटा तिने इतक्या बारीक काढल्या होत्या की कटरचं गोल नाक दोन लाटांच्या मधे मावेना. लाकडावर लाटांऐवजी नुसता खरखरीत पट्टा उमटला.

“इंजिनीअरबाईऽ,” सुतार म्हणाले, “पडद्यावरच्या लाटेला कटर लागत नाही. लाकडाला लागतो.”

“पण बाबा, दिसायला किती छान दिसत होतं.”

“दिसतं छानच. पण ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी हे नाहीये. डोळे मीट.”

तिने डोळे मिटले. त्यांनी तिचा हात धरून नमुन्यावरून फिरवला. ती उठली आणि कटरच्या नाकाचा आकडाही त्या नात्यात घालून बसली. कुठलीही लाट त्याहून बारीक होणार नाही, असं. दुसऱ्या नमुन्यावर सुतारांनी स्वतः डोळे मिटून हात फिरवला. बोटं जवळ येणाऱ्या लाटांवरून चालत गेली, कडेशी थांबली.

“आला जिना,” ते म्हणाले. एवढंच. पण त्या दिवशी त्यांनी तिला नुसतं नावाने हाक मारली.

मग पहिली खरी फळी माझ्यावर चढली. लाटा कोरून झाल्या. दुपार होती, फक्त फळीची बाहेरची कड कापायची राहिली होती. सुतार मशीनपाशी उभे होते आणि मुलगी खिडकीपाशी. कटर कडेच्या निम्म्यावर आला तेव्हा त्यांनी एक हात टेबलावर टेकला. टेकण्याची ती त्यांची रीत नव्हती. दुसऱ्या हाताने त्यांनी थांबायचं बटण दाबलं. चालतं मशीन सोडून ते कधी पाणी प्यायलाही गेले नव्हते. मग ते शेजारच्या स्टुलावर बसले.

मशीन पुढे सरकायचं थांबलं, पण कटर जागच्या जागी फिरतच होता. माझ्या अंगावर एकाच ठिकाणी घासत राहिला. जळका वास सुटला आणि त्या वासाने मुलगी उठली.

“बाबा, वास कसला येतोय?” असं विचारतच ती वळली.

त्यानंतर तीन महिने कारखान्याला कुलूप होतं. खिडकीच्या फटीतून पाणी झिरपत राहिलं आणि माझी त्या बाजूची कड फुगली. माझ्या मधोमध एक सरळ रेघ होती, अर्ध्यावर तुटलेली, आणि तुटली तिथे करड्या-तपकिरी रंगाचा एक गोल. नाण्यापेक्षाही लहान.

कुलूप मुलीनेच उघडलं. शाळेची इमारत तयार होत आली होती. तिने माझ्यावर पट्टी उभी धरून पाहिली. पट्टीखालून उजेड दिसला. मी सपाट उरले नव्हते. तिने रुंद कटर काढला, मशीनला लावला. बराच वेळ उभी राहिली. मग तो काढून पुन्हा डबीत ठेवला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं.

“आंघोळ घालायची ना?” पॉलिशवाल्या काकांनी विचारलं.

“नको. कोरायच्या फळीच्या दुसऱ्या टोकाखाली कागदाच्या घड्या घालते. उंची सारखी होईल.”

काकांनी ब्रश पुसला. “ती फळी आहे गं पोरी. फोटो नाही.”

“माहीत आहे मला काका.”

“माहीत आहे ना? मग झालं.” आणि ते आपल्या कोपऱ्यात गेले.

खरं सांगू का मित्रांनो, मला बरं वाटलं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या अंगावरची खूण पुसायला कचरलं होतं. मला वाटलं, यालाच जपणं म्हणत असतील.

अर्धवट राहिलेली ती पहिली फळी बाजूला ठेवून मुलीने नव्या दोन कोरल्या. शाळेच्या बाई तपासायला आल्या. त्यांनाही दिसत नव्हतं. दोन्ही फळ्या टोकाला टोक लावून ठेवल्या होत्या. बाईंनी पर्स खांद्यावर मागे सारली आणि हात फिरवायला सुरुवात केली. लांब, संथ लाट. मग एकदम त्यांचा हात थांबला आणि पायही.

“इथे जिना आहे?”

“नाही,” मुलगी म्हणाली. “तिथे नुसता सांधा आहे.”

“माझ्या हाताला कड लागली.”

“अर्ध्या मिलिमीटरचा फरक असेल. घड्या घातल्या होत्या, पण कागद दबला असणार. थोडं घासून काढते मी.”

“सोळा फळ्या म्हणजे पंधरा सांधे. किती घासाल? आणि घासताना लाट मोडेल ती वेगळीच.” बाईंचा आवाज चढला नव्हता. “मुलं पहिल्या दिवशी प्रत्येक सांध्यापाशी थांबतील. चार दिवसांनी म्हणतील, ही भिंत उगाचच घाबरवते. मग खऱ्या जिन्यापाशीही थांबणार नाहीत. तुमचे बाबा गेले, मला माहीत आहे. मी चहा प्यायला आले असते तर गप्प बसले असते.”

मुलीने सांध्यावरून बोट फिरवलं.

“कशावर ठेवून कापलंत हे? मला दाखवा.”

मुलीने त्यांना मशीनपाशी आणलं. बाईंचा तळवा माझ्यावर टेकला. आजवर माझ्यावर हात पडले ते धूळ झटकायला. हा हात वाचत होता. फुगलेल्या कडेवरून तो मधे आला, रेघेला लागला, रेघेबरोबर चालला आणि तपकिरी गोलापाशी थांबला.

“ही रेघ अर्ध्यावरच राहिली आहे,” बाई म्हणाल्या. “आणि त्यानंतर बराच वेळ कटर कुणी उचललाच नाही.”

“बाबा होते,” मुलगी म्हणाली. “त्यांनी मशीन थांबवलं, आणि मग बसले. मी तिथेच होते, खिडकीपाशी. पाठ होती माझी.”

बाईंनी बोट उचललं नाही. कोपऱ्यात काकांचा ब्रशही थांबला होता. मग बाई म्हणाल्या, “हे तुम्ही वाचा. जन्मभर वाचा. माझ्या मुलांना वाचायला लावू नका.”

त्या गेल्यावर मुलीने रुंद कटर डबीतून काढला. माझ्यावरची धूळ पुसली, डोळे मिटले आणि बाईंसारखाच तळवा टेकला. रेघेवरून सावकाश गेली. गोलापाशी थांबली. फार वेळ नाही. जितका वेळ सुतार नमुन्यावर थांबले होते, तितकाच. मग डोळे उघडून म्हणाली, “काका, भुसा ओढायचा पंखा लावा. आज फळीची आंघोळ.”

काकांनी पंखा लावला. या वेळी ते थट्टा करायला विसरले.

कटर माझ्यावरून गेला. एका फेरीत रेघ गेली. गोल दोन फेऱ्यांच्या मधे येत होता. त्या फेरीत अर्धा गेला, मग शेजारून येणाऱ्या फेरीत उरलेलाही गेला. त्याचा भुसा बाकीच्या भुश्यात मिसळून पिशवीत पडला. मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. त्या दिवशी दुखलं. ती माझी एकोणिसावी आंघोळ होती आणि शेवटची, कारण आता बोल्टांची डोकी माझ्या कातडीखाली अगदी जवळ आली होती.

मग तिने कागदाचा कपटा ठेवला. कटर खाली आणत कपटा बोटाने हलवत राहिली. कपटा अडकला. पडद्यावर शून्य उमटलं.

सोळाच्या सोळा फळ्या तिने नव्याने कोरल्या. प्रत्येकीची कड माझ्यावर त्याच जागी कापली गेली, त्यामुळे माझ्या चारी बाजूंनी एकच रेघ उमटली आणि मधे सगळं सपाट राहिलं. बाई पुन्हा आल्या. त्यांचा हात पहिल्या फळीवर ठेवला गेला आणि थेट खऱ्या कडेपाशी जाऊन थांबला. “आला जिना,” त्या म्हणाल्या. हे शब्द त्यांना कुणी सांगितले नव्हते. मुलीने तोंड खिडकीकडे केलं.

नंतर मला सोडवलं आणि नवी फळी बसवली. मला दाराशेजारच्या भिंतीला टेकवून ठेवलं. सरपण व्हायचं की कपाटाची पाठ, ते अजून ठरायचं होतं. एक दिवस बाई मुलांना भिंत कशी घडली ते दाखवायला घेऊन आल्या. सगळी मुलं मशीनच्या आवाजाकडे गेली. एक मुलगी, नऊएक वर्षांची, आपल्या सवयीने भिंतीला हात लावून चालत राहिली. तिचा हात माझ्यावर आला. रेघ लागली. रेघेच्या आत तिने तळवा फिरवला.

“इथे दार आहे,” ती म्हणाली.

काका हसून काही सांगणार होते. सुतारांच्या मुलीने हाताने त्यांना थांबवलं.

“हो,” ती म्हणाली. “आहे.”

“आत कोण बसतं?”

“माझे बाबा बसायचे.”

“आणि आता?”

“आता मी बसते.”

“मग आधी वाजवायला पाहिजे,” असं म्हणून त्या लहानगीने माझ्यावर दोनदा टकटक केलं आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.

“या,” सुतारांची मुलगी म्हणाली.

मी अजून तिथेच आहे, भिंतीला टेकून. कुणी हलवलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी खाली अंथरलेलं असेल, ज्याच्यापासून तुम्ही सगळं मोजता. एखादी वस्तू, एखादं माणूस. ते आहे तोवर त्याची पाठराखण करा. ते गेल्यावर त्याची खूण जपता आली तर जपा. पण त्या खुणेमुळे दुसऱ्या कुणाचा पाय चुकणार असेल, तर ती पुसायला कचरू नका. फक्त घाई करू नका. आधी डोळे मिटून तिच्यावरून एकदा तळवा फिरवा. मग कागदाचा कपटा ठेवा आणि शून्य धरा.