घ्या की अजून एक

हॉटेलच्या तळमजल्यावर दुपारी नुसत्या चॉकलेटच्या पदार्थांचं मोठं टेबल मांडतात, हे मुलीने आमच्या सहलीची तिकिटं काढतानाच सांगितलं होतं. "बाबा, तुम्ही फक्त बघायचं," असंही ती म्हणाली होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. साखरेचा आजार जडल्यापासून मी पुष्कळ गोष्टी नुसत्या बघतो.

त्यामुळे बायकोने स्वतःहून माझ्या हातात रिकामी बशी दिली आणि "घ्या काय हवं ते" म्हणाली, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. ती आणखी कुणाशी बोलत असेल असं वाटलं. मागे कोणी नव्हतं.

"अगं, मी?"

"तुम्हीच. दुसरं कोण आहे इथे?"

माझ्या बायकोला जे ओळखत नाहीत त्यांना यातलं नवल कळणार नाही. नातवाच्या वाढदिवसाला माझ्या बशीत आलेला केकचा तुकडा माझ्या तोंडाआधी तिच्या बशीत पोचतो. आम्ही कुणाकडे गेलो की ती यजमानीणबाईंना डोळ्यांनीच दम देते. एकदा मी खोकल्याचं औषध जरा आवडीने घेतो आहे अशी तिला शंका आली, तर ते दुकानात परत देऊन दुसरं घेऊन आली. अशी बाई आता मला कोपराने ढोसून टेबलाकडे ढकलत होती.

टेबल भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होतं. काळे, तपकिरी, पांढरे केक, काचेच्या छोट्या पेल्यांत काहीतरी फेसाळ, मधोमध एक कारंजं. त्यातून पातळ चॉकलेट ओघळत खाली यायचं आणि कुठून तरी पुन्हा वर चढायचं. पलीकडे उंच पांढऱ्या टोपीतला आचारी उभा होता. मी सगळ्यांत लहान तुकडा उचलला आणि आमच्या जागेवर येऊन बसलो.

"एवढंसंच?" बायको म्हणाली. "घ्या की अजून एक. ती कारंज्यात बुडवलेली स्ट्रॉबेरी घ्या."

मी स्ट्रॉबेरी आणली. मग तिने पेला आणायला लावला. मग केक. ती स्वतः प्रत्येकातलं चमचाभर खायची, "छान आहे" म्हणायची आणि माझ्याकडे बघत राहायची. इतक्या वर्षांनी तोंडात खरं चॉकलेट विरघळत होतं, पण मला त्याचं सुख होईना. पाणी कुठेतरी मुरत होतं. बोकडालाही कापण्याआधी चांगलंचुंगलं खाऊ घालतात म्हणे.

आणि एकदा संशय आला की मागचं सगळं त्याला येऊन चिकटतं. गेल्या महिन्यात ती दोनदा डॉक्टरांकडे जाऊन आली होती. "तुमच्या गोळ्यांचं विचारून येते" म्हणाली, आणि मला मात्र घरी बसवलं. गोळ्या माझ्या, मग मी घरी का? बरं, ही सहल. घराला कुलूप लावलं की जिचं मन कुलपातच अडकून राहतं, ती मुलीने नुसतं विचारल्याबरोबर बॅग भरायला बसली होती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "मुलीचा आहे," म्हणत ती उठून बाहेरच्या व्हरांड्यात गेली. मुलीशी बोलायला ती कधी उठून जात नाही. मी बशी हातात घेऊनच तिच्या मागे गेलो आणि दाराशी एका मोठ्या झाडाच्या कुंडीआड उभा राहिलो. या वयात हे शोभत नव्हतं.

"नाही गं, त्यांना काही कळलेलं नाही," ती सांगत होती. "खातायत. खाऊ दे. कसलं पथ्य न् कसलं काय! परत आल्यावर डॉक्टर काय म्हणतात ते बघू. तोवर तू एक शब्द बोलायचा नाहीस."

मी कसाबसा खुर्चीपर्यंत आलो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि माझ्या मनाला तर चिंतायला भरपूर सामग्री होती. मी नोकरी ग्रंथालयात केली. वैद्यकाचं कपाट माझ्या टेबलाला लागूनच होतं. डोळे मिटले की त्यातले सगळे आजार रांगेने पुढे येऊन उभे राहात होते, आणि प्रत्येकाचं एकेक लक्षण माझ्यात होतं.

सरळ विचारावं तर ते मला जमत नाही. वर्ष-वर्ष पुस्तक परत न करणाऱ्यालाही मी "पुस्तक आवडलेलं दिसतंय" एवढंच म्हणत असे. तेव्हा मी दुसरा मार्ग धरला. बायको माझ्याशी किती खोटं बोलू शकते, ते आधी बघायचं ठरवलं.

टेबलाच्या टोकाला एक काळीकुट्ट वडी होती. तिला कोणी हात लावत नव्हतं.

"आजोबा, ती नका घेऊ," आचारी म्हणाला. "साखरेचा कण नाही त्यात. लोक तोंडात घालतात आणि रुमालात काढतात."

"मला नको. बायकोसाठी आहे."

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "भांडण झालंय का?"

मी वाटेत एक कपचा जिभेवर ठेवला. जीभ आखडली, कानापर्यंत कडवटपणा गेला. बरं झालं. चवीच्या बाबतीत बायको कुणाची भीड ठेवत नाही. व्याह्यांच्या पंगतीत सगळे वाहवा करत असताना "मीठ टाकताना कुणाचं लक्ष नव्हतं वाटतं" असं विचारणारी ती. ही वडी तिने गोड मानून घेतली, तर मला डॉक्टरांचं तरी काय खरं सांगणार?

ती परत येऊन बसली होती. मी वडी तिच्यासमोर ठेवली. तिने अर्धी तोडली, तोंडात टाकली, सावकाश चावली. कपाळावर एक आठीसुद्धा पडली नाही.

"छान आहे की," ती म्हणाली. "चांगली गोड आहे."

माझा धीर सुटला.

"किती राहिलंय ते सांग," मी म्हणालो.

"काय राहिलंय? बशीत?"

"माझं आयुष्य. मी फोन ऐकलाय. डॉक्टर काय म्हणाले ते मला आत्ता सांग."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, तुम्हाला काय धाड भरलीय? तुम्ही मला पोचवून मग जाल."

"मग त्यांच्याकडे दोनदा कशाला गेली होतीस? आणि ही वडी कडूजहर आहे, गोड कशी म्हणालीस?"

तिने उरलेल्या वडीकडे पाहिलं, नाकाशी नेली, खाली ठेवली.

"कडू आहे?" ती हळूच म्हणाली.

मी मान हलवली.

"माझ्यासाठी गेले होते. मागे ती सर्दी झाली होती ना, तेव्हापासून चव गेलीय माझी. वासही येत नाही. आधी वाटलं, होईल बरं. आता कागद खाल्ला काय आणि केक खाल्ला काय."

"पण स्वयंपाक तर रोज करतेस."

"हात करतो. मीठ अंदाजाने पडतं. तुम्ही कधी काही बोललाच नाहीत."

"मला वाटलं, आता मिठाचंही पथ्य सुरू झालं."

ती हसली नाही. मी विचारलं, "मुलीला सांगितलंस आणि मला नाही?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पुस्तक काढून बसला असता. आणि त्यातला सगळ्यांत वाईट आजार मला झाला असता."

फोनवरचं तिचं वाक्य मात्र अजून मनात रुतून होतं. "आणि कसलं पथ्य न् कसलं काय, ते?"

"तोंडाला चव नसली म्हणजे काय होतं ते आता कळतंय मला," ती बशीकडे बघत म्हणाली. "आणि तुमची चव तर मी स्वतःच्या हाताने काढून घेत होते इतकी वर्षं. म्हटलं, एक दिवस खाऊ दे माणसाला."

"परत येते म्हणाले ना? चव?"

"येते म्हणाले. कुणाची लवकर, कुणाची उशिरा. आणखी एक तपासणी करायचीय."

"कसली तपासणी?"

"बघा! सुरू झालात."

मी तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. हे सगळंच होतं की अर्धंच सांगून उरलेलं तिने पदराआड ठेवलं होतं? मला कळलं नाही. सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि दुखणं तिचं निघाल्यावर आपल्याला सुटल्यासारखं वाटावं, याची लाजही वाटत होती.

तिने फेसाळ चॉकलेटचा एक पेला माझ्यापुढे सरकवला. "हे कसं लागतंय सांगा."

मी चमचा तोंडात घातला. "छान आहे."

"छान मीही म्हणतेच आहे मघापासून. नीट सांगा."

"सुरुवातीला मंद गोडवा, मग हळूहळू एक गंभीर..."

"हे कुठल्या पुस्तकातलं?"

मी चमचा खाली ठेवला. तिला खूश करण्यासाठीच बोलत होतो, आणि ते तिने तिथल्या तिथे पकडलं होतं. मी पुन्हा एक चमचा घेतला. या वेळी घाई केली नाही, घास तोंडात घोळवला.

"खरं सांगू?" मी आवाज खाली आणला. "जळकट आहे. तळाला लागलंय आणि वरून व्हॅनिला ओतून झाकलंय."

ती पुढे झुकली. "नक्की?"

"नक्की."

तिने मान वळवून उंच टोपीवाल्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "चेहराच तसा आहे त्याचा."

मग तिने पेला बाजूला केला, केकचा तुकडा माझ्याकडे सरकवला आणि माझ्या तोंडावरची नजर न हलवता म्हणाली, "आता हा. नुसता जिभेला लावा, आणि खोटं बोलू नका."